चार उपदाढांचा वाद

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दंतोपचार केंद्राने १९५३ पासून आपल्याकडे वेडेवाकडे दात सरळ करून घ्यायला आलेल्या रुग्णांच्या नोंदी जपून ठेवल्या. प्राध्यापक विल्यम प्रॉफिट यांनी या चाळीस वर्षांच्या नोंदी तपासून १९९४ मध्ये त्यांचा गोषवारा प्रसिद्ध केला. तारांच्या उपचारासाठी ज्यांचे दात काढावे लागले अशा रुग्णांचे प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के होते. १९६८ मध्ये ते ७६ टक्क्यांवर पोचले आणि १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्क्यांवर उतरले. पंधरा वर्षांत एखाद्या प्रदेशातल्या मुलांचे जबडे आक्रसत नाहीत आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते पुन्हा रुंदही होत नाहीत. बदलले होते ते उपचार करणाऱ्यांचे मत. एकाच तऱ्हेच्या गर्दीचे दात घेऊन आलेल्या मुलाचे चार निरोगी दात जाणार की राहणार, हे त्याचा जन्म कोणत्या साली झाला यावर बऱ्याच अंशी ठरत होते. हे मत इतके का हेलकावत राहिले, याचा शोध घेतला की दंतरचनाशास्त्राचा गेल्या शतकाचा इतिहास उलगडतो. माझे म्हणणे असे आहे की या शास्त्राने फार काळ आपले यश तारा निघतात त्या दिवशी मोजले. ज्यांनी जुने रुग्ण वर्षांनंतर परत बोलावून पाहिले, त्यांनीच ते पुढे नेले.

वादाचे मूळ समजायला सोपे आहे. पाच जणांच्या बाकावर सहा जण बसवायचे असतील तर एक तर बाक लांब करावा लागतो, नाही तर एकाला उठवावे लागते. दातांची गर्दी झाली की वैद्यापुढे हेच दोन मार्ग असतात. कमान रुंद करून किंवा समोरचे दात पुढे झुकवून जागा निर्माण करायची, किंवा काही दात काढून उरलेल्यांना जागा द्यायची. काढायचेच ठरले तर बहुधा सुळ्यामागची पहिली उपदाढ निवडली जाते, कारण ती समोरच्या गर्दीच्या जवळ असते आणि तिच्या मागची दुसरी उपदाढ तिचे काम बऱ्यापैकी सांभाळते. प्रत्येक उपदाढ सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून एका जबड्यात १४ मिलिमीटर जागा होते. तारेचा हलका दाब सतत राहिला की दाताच्या एका बाजूचे हाड झिजते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरते, हे स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून १९०४ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. हे काम सावकाश चालते. महिन्याला दात साधारण मिलिमीटरभर सरकतो, म्हणून उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात. त्या काळात गालाच्या आतल्या बाजूला तारा टोचून जखमा होतात, तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस चावताना दात दुखतात, चिक्की आणि ऊस बंद होतो, रबरे रोज बदलावी लागतात आणि दातावरच्या, तार धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटभोवती अडकलेले अन्न काढले नाही तर दातांवर पांढरे डाग पडतात. एवढे सगळे वाढत्या वयातले मूल सोसते. म्हणून दात काढायचे की नाही, हा निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला गेला हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाही.

दात सरळ करण्याची धडपड जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नालेच्या आकाराची धातूची पट्टी आणि तिला दोऱ्याने बांधलेले दात यांचे वर्णन आहे. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन किंग्स्ली यांचा मुखव्यंगांवरचा ग्रंथ आला. मात्र एकोणिसाव्या शतकात बहुतेकांचे लक्ष समोरचे दात ओळीत दिसावेत एवढ्यावरच असे. वरचे दात खालच्या दातांवर कसे बसतात याचा विचार मागे पडे, आणि अडचण वाटली की दात उपटला जाई. या अव्यवस्थेला पहिली शिस्त लावली ती एडवर्ड हार्टली अँगल यांनी. १८५५ मध्ये पेन्सिल्व्हेनियात जन्मलेल्या अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या चुकीच्या बैठकीचे तीन वर्ग मांडले. वरची पहिली कायमची दाढ हा स्थिर बिंदू धरायचा आणि खालची दाढ तिच्याशी कशी जुळते ते पाहायचे, एवढ्या साध्या कसोटीवर ही विभागणी उभी होती. सव्वाशे वर्षांनंतरही जगभरचे दंतवैद्य तीच वापरतात. १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे केवळ या विषयाला वाहिलेली शाळा काढली. तिथूनच दंतवैद्यकाची ही पहिली स्वतंत्र विशेष शाखा आकाराला आली. दातावर घट्ट बसवलेल्या खाचेत चौकोनी तार अडकवून दात तिन्ही दिशांनी फिरवण्याची जी रचना आज प्रत्येक ब्रॅकेटमध्ये आहे, तीही अँगल यांनीच १९२५ ते १९२८ या काळात सिद्ध केली.

याच अँगल यांनी दात काढण्याला ठाम नकार दिला, आणि त्यांचा अधिकार एवढा मोठा होता की तो नकार एका पिढीचा नियम बनला. आधीच्या लेखनात त्यांनी काही प्रसंगी दात काढायला मुभा दिली होती. त्यांच्या ग्रंथाच्या १९०७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत मात्र त्यांची भूमिका कडक झाली होती. निसर्गाने दिलेले सगळे दात आपापल्या जागी आले तरच चावणे, चेहऱ्याचा तोल आणि सौंदर्य ही तिन्ही साधतात, अशी त्यांची धारणा होती. तिला ते शरीरशास्त्राचा आधारही देत. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले होते की हाडावर येणाऱ्या भारानुसार त्याची रचना बदलते. मग दात योग्य जागी आणून त्यांना नीट काम करायला लावले तर त्यांच्याभोवती पुरेसे हाड आपोआप वाढेल, असा अँगल यांचा निष्कर्ष होता. हा तर्क मूर्खपणाचा नव्हता. त्या काळी उपलब्ध असलेल्या शास्त्रातूनच तो निघत होता, आणि सरसकट दात उपटण्याच्या आधीच्या सवयीपेक्षा तो रुग्णाचे हित अधिक जपणारा होता. उणीव होती ती तपासणीची. हाड खरोखर वाढते का, आणि रुंद केलेली कमान दहा वर्षांनी रुंदच राहते का, हे पाहिल्याशिवाय अनुमानाला सिद्धान्ताचा दर्जा मिळाला. शिष्य निवडून घेणाऱ्या आणि आपल्या साधनांची पेटंट घेणाऱ्या गुरूच्या शाळेत असा प्रश्न विचारणे सोपेही नव्हते.

तरी तो प्रश्न विचारला गेला. शिकागोचे कॅल्विन केस हे अँगल यांचे समकालीन, चेहऱ्यांचे प्लास्टरचे ठसे घेऊन उपचाराआधीचा आणि नंतरचा चेहरा पडताळणारे. १९११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतवैद्यक संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी दात काढण्याच्या प्रश्नावर निबंध वाचला. दातांचा आणि जबड्याचा आकार आनुवंशिकतेनेही ठरतो, काही चेहऱ्यांत सगळे दात सामावून घेतले की ओठ पुढे ढकलले जातात, म्हणून मोजक्या रुग्णांत दात काढणे हाच योग्य उपाय असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना उत्तर द्यायला अँगल यांचे विद्यार्थी राहिलेले मार्टिन ड्यूई उभे राहिले. चर्चा तिखट झाली आणि तिचा वृत्तान्त पुढे छापूनही आला. आज तो वाद वाचला तर केस यांची भूमिका अधिक संयत वाटते, कारण त्यांनी सरसकट नियम सांगितला नव्हता. तरीही त्या काळात विजय अँगलपंथाचाच झाला. दोन्ही बाजूंकडे मोजमापाने सिद्ध केलेला दीर्घ मुदतीचा पुरावा नव्हता, आणि पुरावा नसला की अधिकार जिंकतो. १९२५ मध्ये स्वीडनच्या आक्सेल लुंडस्ट्रम यांनी दाखवले की दातांच्या मुळांखालचा हाडाचा पाया दात सरकवल्याने मोठा होत नाही. त्यांच्याकडेही अमेरिकेत फारसे लक्ष गेले नाही.

वळण आले ते अँगल यांच्याच घरातून. चार्ल्स ट्वीड हे त्यांच्या शेवटच्या शिष्यांपैकी एक. ॲरिझोना राज्याने १९२९ मध्ये दंतरचनेच्या तज्ज्ञांसाठी अमेरिकेतला पहिला परवाना कायदा केला, तेव्हा पहिले प्रमाणपत्र ट्वीड यांना मिळाले. १९३० मध्ये अँगल वारले. ट्वीड यांनी गुरूचा शब्द प्रमाण मानून एकही दात न काढता उपचार चालू ठेवले. काही वर्षांनी त्यांनी स्वतःचे जुने रुग्ण पुन्हा तपासले आणि जे दिसले त्याने ते अस्वस्थ झाले. बहुतेकांचे दात पुन्हा गर्दी करू लागले होते आणि अनेकांचे ओठ फुगल्यासारखे पुढे आले होते. ज्या थोड्यांचे निकाल टिकले होते, त्यांचे खालचे समोरचे दात जबड्याच्या हाडावर सरळ उभे होते. मग ट्वीड यांनी फसलेल्या रुग्णांच्या चार पहिल्या उपदाढा काढून त्यांच्यावर पुन्हा उपचार केले. १९३६ मध्ये त्यांनी हे अनुभव मांडले तेव्हा अँगलपंथीयांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. ते मागे हटले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी व्यावसायिक बांधवांपुढे शंभर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. एकच रुग्ण, आधी दात न काढता केलेला उपचार आणि नंतर दात काढून केलेला उपचार, दोन्हींचे ठसे आणि छायाचित्रे समोरासमोर. गुरूवर प्रेम असणाऱ्या शिष्याने आपल्याच अपयशाचा एवढा मोठा संग्रह सर्वांसमोर मांडावा, याला बौद्धिक धैर्य लागते. या शास्त्राच्या इतिहासात माझ्या मते याहून महत्त्वाचा क्षण नाही.

तरीही ट्वीड यांच्या पुराव्याची मर्यादा सांगायलाच हवी, कारण पुढची चूक तिच्यातूनच जन्मली. त्यांनी निवडलेले रुग्ण पहिल्या उपचारात फसलेले होते. दात न काढता ज्यांचे चांगले झाले, ते या तुलनेत नव्हतेच. दुसऱ्यांदा उपचार घेताना रुग्ण वयाने मोठे झाले होते आणि वैद्याचा हातही अधिक सरावला होता. सर्वांत मोठी उणीव अशी की दुसऱ्या उपचाराचे निकाल दहा-वीस वर्षांनी कसे दिसतात हे अजून कोणालाच माहीत नव्हते. अपयश परत बोलावून पाहिल्याने ट्वीड यांना सत्याचा एक भाग सापडला होता. यशही तितक्याच कठोरपणे परत बोलावून पाहायला हवे होते. त्याऐवजी निरीक्षणाचे सूत्र झाले. १९३१ मध्ये क्लीव्हलंडचे हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीचे हर्बर्ट होफ्राट यांनी डोके ठरावीक स्थितीत धरून क्ष-किरण छायाचित्र घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे विकसित केली होती. तिच्या साहाय्याने अँगल यांचेच शिष्य ॲलन ब्रॉडी आणि त्यांचे सहकारी यांनी १९३८ मध्ये दाखवले की तारांनी होणारा बदल प्रामुख्याने दातांना धरून ठेवणाऱ्या हाडापुरताच असतो. अँगल यांचा हाड वाढण्याचा तर्क त्यामुळे ढासळला. पण त्याच चित्रांवर रेषा आखून ट्वीड यांनी खालचे समोरचे दात जबड्याच्या खालच्या कडेशी सुमारे ९० अंशांत असावेत, असा मापदंडही घातला. आकड्याला वजन असते. ज्या चेहऱ्याला तो मापदंड लागू नव्हता, त्याच्यावरही तो लादला जाऊ लागला.

दात काढण्याच्या बाजूला दुसरे बळ मिळाले ते ऑस्ट्रेलियातून. ॲडलेडचे रेमंड बेग १९२४-२५ मध्ये कॅलिफोर्नियात अँगल यांच्याकडे शिकून मायदेशी परतले आणि तेही काही वर्षांत दात काढण्याकडे वळले. त्यांनी आपली मांडणी ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या जुन्या कवट्यांवर उभी केली. भरड आणि वाळूमिश्रित अन्न चावून त्या माणसांचे दात वरून झिजत, तसेच एकमेकांना घासून बाजूनेही झिजत. त्यामुळे प्रत्येक दाताची रुंदी थोडी कमी होई आणि कमानीत जागा मोकळी होई. मऊ अन्न खाणाऱ्या आधुनिक माणसात ही झीज होत नाही, तेव्हा उपदाढा काढणे म्हणजे निसर्गाने थांबवलेले काम पुरे करणे, असे बेग यांनी १९५४ च्या निबंधात मांडले. धातुतज्ज्ञ आर्थर विल्कॉक यांच्याबरोबर त्यांनी लवचीक, गोल पोलादी तार तयार केली आणि हलक्या दाबाचे स्वतःचे तंत्र घडवले. हे तंत्र भारतातही रुजले. १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत देशातल्या अनेक दंत महाविद्यालयांत विद्यार्थी बेग यांचेच तंत्र शिकत होते. त्या काळी इथे ज्यांना तारा लागल्या, त्यांच्यापैकी अनेकांचे चार दात या परंपरेमुळे गेले. बेग यांचे निरीक्षण खरे होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा होता. झीज आयुष्यभर हळूहळू होते, तर चार उपदाढा बाराव्या-तेराव्या वर्षी एकदम जातात. शिवाय अन्नाचा प्रश्न जबड्याच्या वाढीशीही जोडलेला असू शकतो. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी सहकाऱ्यांसह उत्तर भारतातल्या ग्रामीण आणि शहरी तरुणांचे दात तपासून १९८३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शहरी तरुणांत दातांच्या बैठकीचे दोष अधिक आढळले. दोष दातांच्या रुंदीत किती आणि कमी चावल्याने कमी वाढलेल्या जबड्यात किती, हा प्रश्न बेग यांच्या मांडणीत सुटला नव्हता.

१९६० च्या दशकात ट्वीड आणि बेग या दोन्ही धारा एकत्र वाहू लागल्या आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले ते ७६ टक्के दिसले. ही लाट ओसरण्याचे एक कारण सिॲटलमध्ये सापडते. वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड रीडेल आणि रॉबर्ट लिट्ल यांनी उपचार संपून अनेक वर्षे झालेल्या रुग्णांना परत बोलावून त्यांच्या दातांचे ठसे घेण्याचे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे केले. चार पहिल्या उपदाढा काढून उत्तम उपचार झालेले आणि तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर सोडून किमान दहा वर्षे झालेले ६५ रुग्ण त्यांनी १९८१ च्या निबंधात मांडले. खालचे समोरचे दात समाधानकारक राहिलेले रुग्ण ३० टक्क्यांहूनही कमी निघाले. त्यांच्यापैकी ३१ जणांना आणखी दहा वर्षांनी पाहिले तेव्हा १९८८ च्या नोंदीप्रमाणे केवळ १० टक्के जणांचे दात समाधानकारक उरले होते. कोणाचे बिघडणार हे वय, लिंग किंवा अँगल यांच्या वर्गावरून आधी सांगताही येत नव्हते. दात काढले की निकाल टिकतो, हे ज्या आश्वासनावर दोन पिढ्यांनी उपदाढा गमावल्या, ते आश्वासन टिकले नाही. त्याच संशोधकांना लहान वयात खालची कमान लांब करून दात वाचवलेल्या मुलांतही पुढे गर्दी परतलेली दिसली. म्हणजे अँगल यांचा मार्गही त्या कसोटीवर उतरला नाही. ज्या प्रश्नावर सत्तर वर्षे भाषणे झाली, त्याचे उत्तर धीराने गोळा केलेल्या प्लास्टरच्या ठशांनी दिले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दात काढण्याचे प्रमाण घटले ते केवळ मतांतरामुळे असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण मधल्या काळात साधनेही बदलली. हा आक्षेप बराच खरा आहे. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे आणि दोन दातांमधल्या त्या पट्ट्यांची जाडी मिळून कमानीतली काही मिलिमीटर जागा खाई. मायकेल ब्युऑनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची रीत दाखवली, आणि पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. ती जागा वाचली. पुढे आलेल्या निकेल-टायटॅनियमच्या तारांनी हलका दाब दीर्घकाळ देणे सोपे केले. भरलेले ओठ सुंदर मानण्याकडे लोकांचा कलही वाढला, आणि चेहऱ्याबाबत रुग्णाच्या आवडीला मान देणे योग्यच आहे. पण केवळ साधने हे सारे समजावू शकत नाहीत, कारण १९५३ मध्ये, पट्ट्यांच्याच काळात, प्रमाण ३० टक्के होते. आणखी एक कारण न्यायालयातून आले. १९८७ मध्ये मिशिगन राज्यात एका रुग्णाने दात काढून केलेल्या उपचारामुळे कानाजवळचा जबड्याचा सांधा बिघडल्याचा दावा केला आणि ज्यूरीने भरपाई मंजूर केली. त्यानंतर भीती पसरली. पुढच्या वर्षांत झालेल्या अभ्यासांत उपदाढा काढणे आणि सांध्याचा विकार यांचा कार्यकारण संबंध सिद्ध झाला नाही. पण तोवर अनेकांनी दात काढणे टाळायला सुरुवात केली होती. भीतीने बदललेली रीत पुराव्याने बदललेल्या रीतीसारखीच दिसते, म्हणूनच ती ओळखणे अवघड असते.

मग दोन मार्गांची न्याय्य तुलना कशी करायची? सेंट लुईस विद्यापीठातल्या लाइल जॉन्स्टन यांनी त्याचे विचारपूर्वक उत्तर दिले. ज्यांचे दात काढणे उघडपणे आवश्यक होते किंवा उघडपणे अनावश्यक होते, त्यांची तुलना करण्यात अर्थ नव्हता. त्यांनी जुन्या नोंदींवरून सांख्यिकी पद्धतीने असे रुग्ण वेगळे काढले, ज्यांच्याबाबत निर्णय कोणत्याही बाजूला झुकू शकला असता. असे ६३ सीमारेषेवरचे रुग्ण उपचारानंतर सरासरी चौदा वर्षांहून अधिक काळाने परत बोलावून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दात काढलेल्यांचा चेहरा बाजूने पाहिला असता सुमारे २ मिलिमीटरने सपाट होता. दातांचा टिकाऊपणा, सांध्याचे आरोग्य आणि स्वतःच्या रूपाविषयीचे समाधान यांत दोन्ही गट जवळपास सारखे होते. ट्वीड यांनी आपले अपयश परत बोलावले होते. लिट्ल यांनी यशस्वी समजले गेलेले रुग्णही परत बोलावले. जॉन्स्टन यांनी त्यात तुलनेची भर घातली. या तीन पायऱ्या ओळीने पाहिल्या की शास्त्राची वाटचाल दिसते, आणि शंभर वर्षांचा वाद ज्या तीव्रतेने लढला गेला तेवढा फरक सीमारेषेवरच्या रुग्णांपुरता मुळातच नव्हता, हेही कळते.

यावर दुसरा आक्षेप घेतला जाईल: एवढ्या जणांचे दात पुन्हा सरकत असतील, तर तारांचा त्रास कशासाठी? या शंकेला उत्तर त्याच संशोधनात आहे. लिट्ल यांनी पीटर सिंक्लेअर यांच्यासह १९८३ मध्ये दाखवले की कधीही उपचार न घेतलेल्या चांगल्या दातांतही वयाबरोबर खालच्या समोरच्या दातांत थोडी गर्दी वाढते. म्हणजे दात सरकणे हे काही अंशी वय वाढण्याचे लक्षण आहे, आणि त्यावरचा उपाय रिटेनर आहे. सिॲटलच्या निष्कर्षांमुळेच रिटेनर वर्ष-दोन वर्षांत सोडून देण्याची जुनी सवय मोडली आणि दीर्घकाळ रात्री तो वापरण्याचा सल्ला रूढ झाला. पुढे आलेले दात मागे घेतल्याने ते पडताना तुटण्याचा धोका कमी होतो, उलटी चावणारी बाजू सुधारते, अडकलेला सुळा खाली आणता येतो, आणि हसताना तोंडावर हात धरणारे मूल मोकळे हसू लागते. हे फायदे खरे आहेत. खालच्या समोरच्या दातांच्या ओळीचे जन्मभराचे आश्वासन मात्र खोटे ठरले, आणि ते सोडून दिल्याने उपचाराची किंमत घटत नाही, तिचा अंदाज अधिक खरा होतो. तिसरा आक्षेप अनुभवी वैद्यांचा असतो: प्रत्येक चेहरा वेगळा, तेव्हा संशोधनाच्या सरासरीपेक्षा हाताचा अनुभव महत्त्वाचा. प्रत्येक चेहरा वेगळा आहे हे केस यांनी १९११ मध्ये सांगितलेच होते. पण अँगल आणि बेग हे दोघेही विलक्षण अनुभवी होते. जो रुग्ण परत येत नाही त्याच्याकडून अनुभव काहीच शिकत नाही, आणि समाधानी रुग्ण बहुधा परत येत नाही, तसाच निराश झालेलाही येत नाही.

आज या वादाचे रूप पालटले आहे. कमान रुंद करून दात काढण्याची गरजच संपवतो असे सांगणारी ब्रॅकेटे बाजारात आली. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने पारदर्शक साच्यांची पद्धत जगभर नेली. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांतही संगणकाच्या पडद्यावर उपचारानंतरचे हसू आधीच दाखवले जाते. साधने सुधारली याचा आनंदच आहे, कारण कमी टोचणारी तार आणि काढता येणारा साचा यांमुळे रुग्णाचे दिवस सुसह्य होतात. पण पडद्यावरचे ते चित्र उपचार संपतानाच्या दिवसाचे असते, आणि त्याच दिवसावर विसंबून हे शास्त्र दोनदा चुकले. अँगल यांची रुंद कमान त्या दिवशी सुंदर दिसत होती, आणि ट्वीडपंथीयांच्या सरळ उभ्या दातांनीही त्या दिवशी समाधान दिले होते. तेव्हा आपल्या मुलाच्या तोंडात तारा बसवण्यापूर्वी पालकांनी वैद्याला विचारायचा प्रश्न केवळ दात काढणार की नाही, एवढा नसावा. तुम्ही असेच उपचार केलेले रुग्ण दहा वर्षांनी कसे दिसतात, आणि हे तुम्हाला कशावरून ठाऊक आहे, असे विचारायला हवे. दात काढायचा असो वा राखायचा असो, ज्याच्याकडे या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे, त्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवण्याला आधार आहे. ज्या वैद्यांनी आपलेच जुने निकाल पुन्हा उघडून पाहिले, त्यांच्या धैर्यामुळेच हा प्रश्न विचारणे आज शक्य झाले आहे.